मानाच्या वांग्याचं भोक

एका जंगलात वांगी पिकत. हसू नका. जंगलात वांगी कशी पिकतील, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी खुशाल बाहेर जाऊन भूगोलाचं पुस्तक वाचावं. ज्यांना गोष्ट ऐकायची आहे त्यांनी मांडी घालून बसावं आणि शेजाऱ्याला चिमटे काढू नयेत.

तर त्या जंगलात वांगी पिकत, दर आठवड्याला बाजार भरे, राजा फर्मानं काढी आणि प्रजा ती न वाचता त्यांच्यावर चर्चा करी. म्हणजे जंगल तुमच्या ओळखीचंच आहे.

तिथे ओढ्याकाठी सगुणा नावाची एक सायाळ राहत असे. सायाळ म्हणजे अंगभर काटे असलेली ती. काही ठिकाणी तिला साळिंदर म्हणतात. सगुणाच्या नवऱ्याचं नाव दगडू. दगडू फार कमी बोले. पण बोलला की त्यातून काहीतरी भानगड उभी राही, म्हणून सगुणाही त्याला फारसं बोलतं करत नसे. पदरी पोरं होती आणि पोरांच्या पलीकडे वांग्यांचा मळा होता.

सगुणाच्या घराला एक मान होता. चातुर्मासात त्या जंगलात कुणी वांग्याला शिवत नसे. चातुर्मास संपला की बाजारात वांगी येत, आणि पुढे चंपाषष्ठीला टेकडीवरच्या खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होई. त्या दिवशी देवापुढे जे वांगं ठेवायचं ते सगुणाच्या मळ्यातलं. सगळ्या जंगलाच्या भरितालाही तिच्याच पाटीतली वांगी. याला मान म्हणतात.

मानातून मिळतं काय, असं तुम्ही विचाराल. काही मिळत नाही, उलट पदरचं जातं. पण ज्याच्या घरी मान असतो त्याला चारचौघांत पुढे बसवतात, आणि ज्याचा मान जातो त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. सगुणाला दुसरी कसलीही हाव नव्हती. चंपाषष्ठीला टेकडीवर पुढे बसायचं, एवढ्यावर ती वर्षभर राबत असे.

तिच्या वांग्यांना चव होती. फक्त गिऱ्हाइकाच्या आधी ती अळी चाखत असे.

बाजारातली गिऱ्हाइकं तुम्हाला माहीतच आहेत. भेंडी असली की शेंडा मोडून बघायचा, नारळ असला की कानाशी हलवायचा, आणि वांगं असलं की उलटं करून देठाखाली डोकावायचं. तिथे हमखास भोक दिसे. मग ते वांगं दोन बोटांत धरून, नाक मुरडून, परत पाटीत टाकायचं. खार असो, ससा असो, सगळ्यांचं नाक एकाच बाजूला मुरडे. टेकडीवरच्या कुरणात राहणारी मंदाकिनीताई हरिणी तर दर बाजारी न चुकता विचारी, सगुणाबाई, वांगी आणलीत की अळ्यांचं माहेर आणलंत?

सगुणा कानकोंडी होई. ती वांग्यांवर कडुलिंबाचा काढा शिंपडी. अळीला तो मानवू लागला तेव्हा तिनं माकडाच्या दुकानातलं पिवळं औषध आणलं. औषध मारलं की अळी चार दिवस गप्प बसे, सगुणाच्या पोरांचे डोळे मात्र आठवडाभर गळत. पोरं डोळे चोळत झोपली की सगुणाचा जीव तुटे. सगळ्या जन्मात एकदा तरी भोक नसलेलं वांगं पिकू दे, असं तिनं खंडोबाला किती वेळा सांगितलं असेल ते खंडोबालाच ठाऊक.

आता त्या जंगलात दिनकरराव नावाचे एक घुबड होते. नावाचा आणि त्यांच्या सवयींचा काही संबंध नव्हता. आईबाप बारशाला नाव ठेवतात तेव्हा पोर कुठल्या वेळी जागं राहणार हे त्यांना कुठे माहीत असतं? दिनकरराव वैज्ञानिक होते. म्हणजे ते खरं बोलत, आणि इतकं लांबवून बोलत की खऱ्यापर्यंत पोचायच्या आत ऐकणारा निघून जाई.

त्यांनी वांग्याचं नवं बी तयार केलं होतं. मातीत राहणाऱ्या एका बारीक जिवाजवळ अळीला बाधणारी एक चीज असते. ती तयार करण्याचा गुण त्यांनी त्या जिवातून उचलून वांग्याच्या बियाण्यात आणून बसवला होता. सगुणा हे सगळं शेवटपर्यंत ऐकत बसली. तिला निम्मं कळलं, पण ते कामाचं निम्मं होतं. अळी हे वांगं खाईल तर अळीचं पोट बिघडेल, आणि पिवळ्या औषधाची गरज उरणार नाही.

"गुरुजी," तिनं विचारलं, "ही वांगी खाऊन माज्या लेकरास्नी काय हुनार न्हाई न्हवं?"

दिनकरराव प्रामाणिक होते. "मी स्वतः वांगं खात नाही," ते म्हणाले. "मी उंदीर खातो. उंदीर ही वांगी खातात. उंदरांना काही झालेलं नाही. निदान मी खाईपर्यंत तरी नाही."

सगुणानं थोडा विचार केला आणि बी पदरात घेतलं.

त्या वर्षी तिच्या मळ्यात वांगी अशी धरली की वाटसरू थांबून बघत. एकेक वांगं तेल लावून पुसल्यासारखं चमके. सगुणानं एक तोडलं, उलटं केलं, देठाखाली पाहिलं. भोक नव्हतं. दुसरं पाहिलं, त्यालाही नव्हतं. ती बांधावर बसून रडली. दगडूला वाटलं पीक बुडालं. पोरांनी त्या वर्षी पिवळं औषध पाहिलंदेखील नाही, आणि त्यांचे डोळे कोरडे ठणठणीत राहिले.

चातुर्मास संपल्यावर पहिल्याच बाजारात सगुणा ताठ मानेनं जाऊन बसली. खार आली, तिनं वांगं उलटं केलं. भोक नाही. तिनं दुसरं उचललं, तिसरं उचललं, मग पाटीच्या तळातलं काढून पाहिलं. नाक मुरडायला काहीच सापडेना तेव्हा ती घाबरली. सशानं बघितलं, तोही दोन पावलं मागे सरकला. बघता बघता पाटीभोवती घोळका जमला आणि कुणी एक वांगं घेईना.

मग मंदाकिनीताई आली. ती शुद्ध आहार मंडळाची अध्यक्षा होती. मंडळाचं काम असं की आठवड्यातून एकदा जमायचं आणि आपण काय खात नाही ते एकमेकींना सांगायचं. तिनं वांगं सर्व बाजूंनी न्याहाळलं आणि हलक्या हातानं खाली ठेवलं.

"सगुणाबाई, जे अळीसुद्धा तोंडात घेत नाही, ते आम्ही खायचं?"

मुलांनो, गेल्या वर्षापर्यंत हीच मंदाकिनीताई अळीनं तोंड लावलेलं खाणार नाही म्हणत होती. पण गेल्या वर्षीचं बोलणं या वर्षी आठवत बसलं तर मंडळं चालायची कशी?

सगुणानं बाजारात कधी खोटं सांगितलं नव्हतं. बी दिनकररावांचं आहे, आत काहीतरी बदललेलं आहे, त्यानं अळीचं पोट दुखतं आणि आपलं दुखत नाही, असं तिनं सरळ सांगून टाकलं. चातुर्मास संपल्यापासून तिच्या घरची पोरं रोज तेच खातात हेही सांगितलं. पोरांचं कुणी ऐकलं नाही. 'आत काहीतरी बदललेलं आहे' एवढं मात्र वाऱ्यासारखं जंगलाच्या दुसऱ्या टोकाला गेलं, आणि तिथून परत येईपर्यंत वांग्याला दात फुटले होते.

मंदाकिनीताई मंडळ घेऊन दरबारात गेली. आपण काय खातो हे कळण्याचा आम्हाला हक्क आहे, असं तिनं राजाला सांगितलं. तिचं म्हणणं रास्त होतं. सिंहमहाराजांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. महाराज वांगं खात नसत, त्यामुळे त्यांचा निवाडा अगदी निःपक्षपाती असे. महाराज हरीण खात, पण तो विषय त्या दिवशी निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. ज्या वांग्यातलं जनुक बदललेलं असेल त्याच्या देठाला लाल दोरा बांधावा, दोऱ्यात एक पान अडकवावं आणि पानावर तसं स्वच्छ लिहावं. गिऱ्हाइकानं वाचावं आणि मग हवं ते घ्यावं.

सगुणा, दगडू आणि पोरं असं सगळं घर बसलं आणि त्यांनी एकेका वांग्याला दोरा बांधला.

आता जनुक म्हणजे काय, हे त्या जंगलात दिनकररावांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. पण ते लाल दोऱ्यावर लिहिलंय म्हणजे वाईट असणार, एवढं सगळ्यांना कळलं. ससे आपल्या पिल्लांना म्हणू लागले, मुकाट्यानं झोप, नाहीतर जनुक येईल. शुद्ध आहार मंडळानं ठराव केला की आजपासून ज्यात जनुक आहे असं काहीही सभासदांनी पोटात जाऊ द्यायचं नाही.

दिनकररावांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते भर दुपारी, डोळे मिचकावत, झाडांना धडकत बाजारात आले. "ताई, जनुकं सगळ्यांतच असतात," ते म्हणाले. "गवतात असतात, बोरात असतात. तुमच्यातही आहेत."

"आमच्या घराण्यात कुणाला नव्हतं," मंदाकिनीताई म्हणाली, आणि मंडळाच्या बाकीच्या बायका तिच्यापासून जरा अंतर ठेवून उभ्या राहिल्या.

या सगळ्यात एकाचं मात्र फावलं. भिकोबा रानडुक्कर. त्याचाही वांग्यांचा मळा होता. मळा त्यानं लावला नव्हता. आदल्या वर्षी फेकून दिलेली किडकी वांगी कुजली आणि त्यातून तो आपोआप उगवला होता. भिकोबानं त्याला पाणी दिलं नाही, काढा दिला नाही, की कधी जाऊन पाहिलं नाही. त्याच्या वांग्यांची नुसती चाळण झाली होती. बाजारात त्यानं एक फळी उभी केली आणि माकडाकडून तिच्यावर लिहून घेतलं, 'बिनजनुकी वांगी. पुरावा आत.'

पुरावा आत वळवळत होता. मंदाकिनीताईनं तो स्वतः पाहिला आणि समाधानानं मान हलवली. अळीची जीभ खोटं बोलत नाही, अळीनं तोंड लावलं तेच खरं, असं तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं. झालं. वांगी आता पुन्हा उलटी होऊ लागली, देठाखाली पुन्हा डोकावणं सुरू झालं. ज्याला भोक नाही ते बाजूला पडू लागलं. एका भोकाचं वांगं घरच्यांना, आणि जावई यायचा असला तर दोन-तीन भोकांचं. घरी नेल्यावर अळीपुरता भाग कापून टाकायचा आणि उरलं असेल तर ते शिजवायचं. बरेचदा फारसं उरत नसे, पण जे उरे ते शुद्ध असे.

सगुणाची पाटी जशीच्या तशी घरी येऊ लागली. पोरं सकाळी वांगी खात, संध्याकाळी वांगी खात आणि बाळसं धरत. सगुणा मात्र आत आत खचत चालली. आणि अशातच टेकडीवरून भैरू घोरपड आला.

भैरू हा खंडोबाचा गुरव. तो ओढ्याच्या पलीकडून दिसला तरी अलीकडे पोचायला त्याला बराच वेळ लागे. तो येतोय हे बघूनच सगुणाला कळलं की काहीतरी वाईट आहे, आणि तो पोचेपर्यंत बिचारी तशीच उभी राहिली. भैरूनं अंगणात बसून घाम पुसला आणि सांगितलं की पंचांचा विचार चाललाय. लाल दोऱ्याचं वांगं देवापुढे कसं ठेवायचं? देवाला अळीची साक्ष असलेलं पाहिजे, असं सगळ्यांचं म्हणणं पडतंय. यंदा मान भिकोबाकडे जाईल असं दिसतंय.

सगुणाला फार वाईट वाटलं. भिकोबाचा तिला राग नव्हता. पण ज्या भोकापायी तिनं जन्मभर खाली मान घातली, तेच भोक आता देवापुढे मिरवायला निघालं होतं. आणि खंडोबानं तिचं गाऱ्हाणं नेमकं या वर्षी ऐकावं, याचंही तिला वाईट वाटलं.

दगडू तिथेच बसला होता. त्या दिवशी तो बोलला.

"भोकच पायजे न्हवं त्यास्नी?" असं म्हणून त्यानं तिच्याकडे पाठ केली आणि अंगावरचे काटे फुलवले. "मग ह्ये काय शोभंला हायत?"

सगुणा त्याच्यावर चिडली. असला अधर्म आपल्या घरात व्हायचा नाही, असं तिनं त्याला ठणकावलं आणि ती मळ्यात निघून गेली. मळ्यात ती बराच वेळ उगाच तण काढत बसली. तण नव्हतंच. मग ती परत आली आणि दगडूच्या पाठीतला एक काटा तिनं उपटून घेतला. दगडू कळवळला, पण बोलला नाही, कारण त्याचं त्या महिन्याचं बोलणं संपलं होतं.

पहिलं भोक बिघडलं. कान टोचल्यासारखं गोल आणि सरळ आलं. अळी असं भोक पाडत नाही. अळी तिरकी शिरते, आत जाऊन वळते आणि तोंडाशी काळपट घाण ठेवते. सगुणानं ही भोकं जन्मभर पाहिली होती, स्वप्नातसुद्धा पाहिली होती. तिनं काटा तिरका धरला, आत नेऊन हळूच फिरवला आणि तोंडाशी किंचित काळी माती चोपडली. हुबेहूब जमलं. ते पाहून तिच्याच अंगावर शहारा आला.

दगडूनं खुणेनंच विचारलं, लाल दोरे काढू का?

"दोऱ्याला हात लावायचा न्हाई," सगुणा म्हणाली. "राजाचा हुकूम हाय. मी येकच खोटं करीन, दोन न्हाई."

पुढच्या बाजारात ती पाटी घेऊन बसली. प्रत्येक वांग्याला देठाला लाल दोरा, दोऱ्यात पान, पानावर स्वच्छ अक्षरांत जनुक बदललेलं असल्याचं लिहिलेलं, आणि खाली भोक. मंदाकिनीताई लांबूनच चालली होती. पण सवय वाईट. तिनं जाता जाता एक वांगं उचललं आणि उलटं केलं.

तिला भोक दिसलं. मग तिला दोरा दिसला. ती विचारात पडली.

तिची बुद्धी तल्लख होती, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. तिनं पायरी पायरीनं विचार केला. अळीनं खाल्लंय, म्हणजे आत जनुक नाही. जनुक नाही, म्हणजे हा दोरा राजाच्या फर्मानाचा नाही. मग हा लाल दोरा कुणाचा? मानाच्या घरचं वांगं, चंपाषष्ठी तोंडावर आलेली. अर्थात हा देवाचा दोरा. तिनं दोरा डोळ्यांना लावला. दोऱ्यातलं पान तिनं प्रसाद म्हणून कानामागे खोचलं. पानावर काय लिहिलंय ते कानाला काय दिसणार?

दुपारच्या आत सगुणाची पाटी रिकामी झाली. बाजारभर सगळ्यांच्या कानामागे राजाचं फर्मान डुलत होतं.

भिकोबा गप्प बसणारा नव्हता. सगुणावहिनीच्या वांग्यात अळी सापडत नाही, नुसतंच भोक सापडतं, अशी फिर्याद घेऊन तो दरबारात गेला. महाराजांनी मिशीवरून जीभ फिरवली आणि निवाडा दिला. भोकाचं खरंखोटं अळीलाच कळणार. तेव्हा एक अळी सरकारी तपासनीस म्हणून नेमावी. चंपाषष्ठीला टेकडीवर, सगळ्या जंगलासमोर, तिला दोन्ही वांग्यांवर सोडावं. ज्याला ती तोंड लावील त्याचा मान.

तपासनीस म्हणून कोंडाबाई नावाच्या अळीची नेमणूक झाली. तिचा जन्म भिकोबाच्या वांग्यातला, म्हणजे अनुभव दांडगा. चंपाषष्ठीपर्यंत तिची सोय कुठे करायची असा प्रश्न आला तेव्हा भिकोबा चटकन पुढे झाला. त्यानं तिला आपल्या घरी ठेवलं आणि बाईंची मर्जी राखायची म्हणून सकाळ-संध्याकाळ कोवळी कोवळी वांगी तिच्यापुढे केली. कोंडाबाई आधी सुतासारखी होती. ती बोरूएवढी झाली, मग करंगळीएवढी झाली, आणि तरीही भिकोबा आग्रह करीतच राहिला. पाहुणचाराला तो चुकला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

इकडे सगुणाच्या तोंडचं पाणी पळालं. अळी आपल्या वांग्याला तोंड लावणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मान तर जाणारच होता. आता खोटं भोक पाडलं म्हणून सगळ्या जंगलात छी थू होणार होती. चंपाषष्ठीच्या सकाळी तिला उठावंसं वाटेना. मग तिनं विचार केला, मान जायचाच असेल तर तो आपल्या देखत जाऊ दे. तिनं सगळ्यांत टपोरं वांगं निवडलं, त्याचा दोरा नीट केला आणि ती टेकडी चढू लागली. मागून दगडू भरिताची पाटी घेऊन येत होता. त्याच्या पाठीवर बरीच मोकळी जागा झाली होती.

टेकडीवर भंडारा उधळला होता. सगळं जंगल पिवळं दिसत होतं. भैरू घोरपडीनं देवापुढे दोन पानं मांडली. एकावर भिकोबाचं वांगं, दुसऱ्यावर सगुणाचं. कोंडाबाईला हळदीचा टिळा लावून भिकोबाच्या वांग्यावर ठेवलं.

कोंडाबाईनं वांगं हुंगलं आणि तोंड फिरवलं. इतके दिवस तेच तेच खाऊन तिला वांग्याची शिसारी आली होती. लोकांत कुजबुज सुरू झाली. भिकोबा घाईघाईनं म्हणाला, बाई आत्ताच जेवून आल्यात.

मग तिला सगुणाच्या वांग्यावर ठेवलं. सगुणानं डोळे मिटून घेतले. तिनं खंडोबाकडे काही मागितलं नाही. आपण कोणत्या तोंडानं मागणार, असं तिला वाटलं.

कोंडाबाई वांग्यावर चढली. भोकापाशी थांबली, आत डोकावली आणि तिथे कुणीच राहत नाही असं पाहून पुढे निघाली. वांग्याला तिनं तोंड लावलं नाही. ती हळूहळू देठापर्यंत गेली. तिथला लाल दोरा तिला मऊ लागला. ती त्याला बिलगली, आणि मग तोंडातून बारीक तंतू काढून तिनं तो स्वतःभोवती गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळता गुंडाळता ती दिसेनाशी झाली. देठावर नुसती एक छोटी करडी गाठ उरली.

भैरूनं वाकून बघितलं. त्याला बघायलाही वेळ लागे. शेवटी त्यानं मान वर केली आणि हात जोडले.

"बाईंनी समाधी घेतली," तो म्हणाला.

मग जो येळकोट झाला तो खाली ओढ्यापर्यंत ऐकू गेला. भिकोबाच्या वांग्यावर जी क्षणभर थांबली नाही, तिनं सगुणाच्या वांग्यावर देह ठेवला. याहून मोठी साक्ष कोणती? मंदाकिनीताईच्या डोळ्यांत पाणी आलं. दिनकरराव वडावरून ओरडून सांगत होते की हा कोश आहे, पोट भरलं आणि वेळ आली की प्रत्येक अळी हेच करते, काही दिवसांनी यातून पांढरा पतंग बाहेर पडेल. त्यांचं बोलणं नेहमीप्रमाणे खरं होतं आणि नेहमीप्रमाणे लांबलं.

"दिनकरराव," मंदाकिनीताई हात जोडून म्हणाली, "निदान देवाच्या दारात तरी हे नको."

मान सगुणाच्या घरी राहिला. तिला पुढे बसवलं, हातात नारळ दिला, कपाळाला भंडारा लावला. तिच्या पाटीतली सगळी वांगी निखाऱ्यावर भाजली गेली. त्यात मिरची, कांद्याची पात आणि शेंगदाण्याचं कूट पडलं, आणि रोडग्याबरोबर सगळ्या जंगलानं भरीत चापलं. दोरे आणि पानं आधीच काढून देवापाशी वाहिली होती, एकेक पान मात्र प्रसाद म्हणून कानामागे गेलं होतं. अशी चव हल्ली मिळत नाही, ही जुनी जातच वेगळी, असं जो तो म्हणत होता. एका म्हाताऱ्या सशानं तर सांगितलं की अगदी असंच वांगं आपण लहानपणी खाल्लं होतं.

सगुणाच्या घशाखाली घास उतरेना. शेजारी मंदाकिनीताई बोटं चाटत होती. शेवटी सगुणाला राहवलं नाही.

"ताई," ती म्हणाली, "ती भोकं म्यां पाडल्याती. ह्यांच्या काट्यानं. बी दिनकररावांचं हाय. दोरा राजाचा हाय, आन् पानावर समदं लिवल्यालं बी हाय. तुमच्या कानामागं हाय त्ये पान. काढून बगा."

मंदाकिनीताईनं चाटायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं. मग ती मायेनं हसली आणि तिनं सगुणाच्या पाठीवर हात ठेवला. लगेच काढून घेतला, कारण काटे लागले.

"एवढा मोठा मान मिळाला तरी किती साधी राहिलीस गं तू, सगुणे," ती म्हणाली. "वाढ आणखी थोडं."

सगुणानं वाढलं.

काही दिवसांनी कोशातून कोंडाबाई पांढरा पतंग होऊन बाहेर पडली आणि थेट भिकोबाच्या मळ्यात गेली. तिथे तिनं भरपूर अंडी घातली. भिकोबाची वांगी पुढच्या वर्षी इतकी शुद्ध निघाली की बाजारापर्यंत नुसती सालंच पोचली.

सगुणाकडे मात्र आता मागणी पुरी होत नाही. हंगाम आला की ती अंगणात बसते आणि एकेका निकोप वांग्याला तिरकं भोक पाडते. पोरं शेजारी बसून दोरे बांधतात आणि पानं लिहितात. पोरांचे डोळे छान आहेत, अक्षरही सुरेख आहे. दगडूची पाठ पार बोडकी झाली आहे, थंडीत तो घोंगडी पांघरून बसतो. एकदा न राहवून तो म्हणाला, अगं, आधी भोकं पडू नयेत म्हणून मरत हुतीस, आता पाडून पाडून मरतीस.

"तवा अळी जेवत हुती," सगुणा म्हणाली. "आता गिऱ्हाईक जेवतंय. पाठ कर इकडं."

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. ते स्वच्छ अक्षरांत लिहावं आणि लाल दोऱ्यानं मालाला घट्ट बांधावं. तिथे ते अगदी सुरक्षित राहतं, कारण तिथे ते कुणी वाचत नाही. गिऱ्हाइकाला तेवढं भोक मात्र दिसलं पाहिजे. आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल, तर भोकाची खात्री केल्याशिवाय वांगं घेऊ नका. भोक कुणी पाडलं, हे विचारायच्या भानगडीत पडू नका. भरीत गार होतं.